पिशवी काढण्याआधी तुकड्याचा रिपोर्ट

पत्र: माझं वय ५७. पाळी जाऊन पाच वर्षं झाली. तीन महिन्यांपूर्वी दोन दिवस लाल डाग गेले. उष्णतेने असेल म्हणून मी कुणाला बोलले नाही. गेल्या महिन्यात पुन्हा गेले, तेव्हा मुलीने डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर ११ मिलिमीटर आलंय. डॉक्टर म्हणतात, आतला तुकडा काढून तपासू. पण गेल्याच वर्षी माझी पॅप तपासणी नॉर्मल आली होती, मग आता आणखी काय तपासायचं? जाऊबाई म्हणतात, कॅन्सरला हत्यार लागलं की तो पसरतो, त्यापेक्षा पिशवीच काढून टाक, कायमची कटकट मिटेल. दुसरे एक डॉक्टर तसं करायला तयारही आहेत. मला मधुमेह आहे, वजनही जास्त आहे. माझी मावशी ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरने वर्षभरात गेली, ते मी जवळून पाहिलंय. माझंही तसंच होणार का? सीए-१२५ची रक्ततपासणी करून घेऊ का? आणि ३१ वर्षांच्या मुलीने काय काळजी घ्यावी? (मामाही आतड्याच्या कॅन्सरने ४६व्या वर्षी गेले, पण त्याचा इथे काही संबंध नसावा.)

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. मामांकडे मी पुढे येतेच. आधी या आठवड्यात करायचं ते सांगते. तुमचे पहिले डॉक्टर बरोबर आहेत, तुकडा तपासून घ्या. पिशवी काढायची का, कशी काढायची आणि कुणी काढायची, हे सगळे प्रश्न त्या रिपोर्टनंतरचे आहेत.

पाळी जाऊन वर्ष उलटलं की त्यानंतर दिसलेला रक्ताचा एक डागसुद्धा तपासायचा असतो. किती गेलं, कितीदा गेलं याला तिथे महत्त्व नाही. उष्णता, दगदग, वजन उचललं, पाळी परत आली, ही सगळी मनाची समजूत. तशी घाबरून जायचीही गरज नाही, कारण अशी तक्रार घेऊन येणाऱ्या शंभरजणींमध्ये पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर साधारण नऊ-दहा जणींनाच निघतो. उरलेल्यांत कुणाचं अस्तर सुकून नाजूक झालेलं असतं, कुणाला पॉलिप (अस्तरावरची छोटी वाढ) असतो, कुणाचं अस्तर नुसतंच जाड झालेलं असतं. तुमच्या बाबतीत मात्र शक्यता या सरासरीपेक्षा जास्त आहे, आणि ते लपवून काही उपयोग नाही. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या बाईचं अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर बहुतेक वेळा थांबून बघता येतं. ११ असेल तर नाही. शिवाय वजनाचा मुद्दा आहे. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं जवळजवळ थांबवतात, पण शरीरातली चरबी ते बनवत राहते. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन आता उरलेलं नसतं. मग अस्तर महिनोन्महिने वाढत राहतं आणि त्यातल्या काही पेशी वेड्यावाकड्या होतात. मधुमेह त्यात भर घालतो. तुम्ही पहिल्या वेळी गप्प बसलात त्याबद्दल स्वतःला बोल लावत बसू नका, पण आता थांबू नका.

पॅप नॉर्मल होती, मग पुन्हा काय, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पॅप तपासणीत ब्रशने पेशी घेतात त्या पिशवीच्या तोंडावरून. पिशवीच्या आत काय चाललंय, अंडाशयात काय चाललंय, हे ती तपासणी पाहतच नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर हे वेगळे आजार आहेत. पहिल्याच्या मुळाशी जवळजवळ नेहमीच एचपीव्ही हा विषाणू असतो, दुसऱ्याचा त्या विषाणूशी संबंध नाही. त्यामुळे नॉर्मल पॅपच्या जोरावर पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव निकालात काढता येत नाही. बायका तो कागद जपून ठेवतात आणि त्याच्याच भरवशावर राहतात, हे फार वेळा होतं.

आता तुकड्याची भीती. बाह्यरुग्ण विभागात हे काम एका लवचिक प्लॅस्टिकच्या नळीने होतं. पिपेल म्हणतात तिला, जाडी जेमतेम ३ मिलिमीटर. पॅपसारखंच झोपवतात, योनीमार्ग उघडून धरणारा तोच स्पेक्युलम लावतात, नळी पिशवीच्या तोंडातून आत सरकवतात आणि तिच्यातला दांडा मागे ओढतात. आत पोकळी तयार होऊन अस्तराचा अंश नळीत येतो. डॉक्टर नळी गोल फिरवत बाहेर घेतात आणि जे आलं असेल ते फॉर्मेलिनच्या छोट्या बाटलीत टाकतात. पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी कळ येते, काहींना जोरात, पण मिनिटभरात ओसरते. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली तर बरं जातं, कुठली चालेल ते डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. पाळी गेल्यावर पिशवीचं तोंड आकसतं, त्यामुळे कधी नळी आत जात नाही, कधी तुकडा पुरेसा येत नाही. मग हिस्टेरोस्कोपी करतात, म्हणजे भूल देऊन दुर्बिणीने आत पाहून नेमक्या जागेचा तुकडा घेतात. आणि हे लक्षात ठेवा: पिपेलचा रिपोर्ट चांगला आला पण रक्त जातच राहिलं, तर हिस्टेरोस्कोपीचा आग्रह धरा. नळी आंधळी असते, एका कोपऱ्यातला पॉलिप तिच्या हातून सुटू शकतो.

हत्यार लागलं की पसरतो, हे जाऊबाईंचं म्हणणं पिशवीच्या अस्तराला लागू नाही. नळी नैसर्गिक वाटेने आत जाते, त्याच वाटेने बाहेर येते, आणि अशा तपासणीने आजार वाढत नाही. पण त्यांची भीती सरसकट चुकीचीही नाही. अंडाशयावर संशयास्पद गाठ असेल आणि आजार तिथेच थांबलेला दिसत असेल, तर तिला सुई लावून पाणी काढायचं नसतं. गाठीचं आवरण फुटून पेशी पोटात सांडल्या तर आजाराची पायरीच वाढते. अशी गाठ अखंड, प्लॅस्टिकच्या थैलीत घालून बाहेर काढतात. त्या भीतीची जागा तिथे आहे, तुमच्या तपासणीत नाही.

‘पिशवीच काढून टाका’ या सल्ल्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तो फार सोपा वाटतो. निदान न करता पिशवी काढली आणि आठ दिवसांनी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, तर काय होतं बघा. अस्तराच्या कॅन्सरमध्ये पिशवीबरोबर दोन्ही नळ्या आणि, तुमच्या वयात, दोन्ही अंडाशयंही काढायची असतात. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी तपासायच्या असतात, पोटाच्या आतलं सगळं नजरेखालून घालायचं असतं. साध्या ऑपरेशनमध्ये यातलं बरंच राहून जातं, मग पुन्हा टेबलावर जायचं, नाहीतर अंदाजाने किरणोपचार घ्यायचे. मोठी पिशवी छोट्या छेदातून काढण्यासाठी यंत्राने तिचे तुकडे केले असतील तर आणखी वाईट. आत कॅन्सर असेल तर तो पोटभर पसरण्याची भीती असते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने या यंत्राबद्दल इशारा दिला तो याच कारणाने. आणि कॅन्सर पिशवीच्या तोंडाचा निघाला तर गोष्ट आणखीच वेगळी. तिथे सुरुवातीच्या बऱ्याच गाठींना पिशवीच्या बाजूच्या ऊतींसकट मोठं ऑपरेशन लागतं, आणि गाठ ४ सेंटिमीटरच्या वर किंवा बाजूला पसरलेली असेल तर सहसा ऑपरेशन करतच नाहीत. बाहेरून रेडिएशन, आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन हे केमोचं औषध आणि आतून दिलं जाणारं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, हाच तिथला मुख्य उपचार. अशा बाईची पिशवी घाईने काढली तर तिचं नुकसानच होतं. तुमच्या तपासणीत डॉक्टर पिशवीचं तोंड नजरेने पाहतीलच. तिथे काही वेगळं दिसलं तर त्याचाही तुकडा घेतील.

म्हणून ज्या डॉक्टरांनी तुकडा न घेता तारीख द्यायची तयारी दाखवली, त्यांना फक्त एवढं विचारा: कॅन्सर निघाला तर हेच ऑपरेशन पुरेल का? उत्तराला ते अडखळले तर तुम्हाला कळलंच.

रिपोर्ट आला की त्यात काय शोधायचं? पॉलिप किंवा साधं हायपरप्लेशिया, म्हणजे अस्तर नुसतंच जाड झालेलं, असेल तर गोष्ट बरीच सोपी. ‘एटिपिया’ हा शब्द असेल तर तो कॅन्सरच्या उंबरठ्यावरचा बदल. अशा बऱ्याचजणींच्या पिशवीत ऑपरेशननंतर बारीकसा कॅन्सरही सापडतो, त्यामुळे तुमच्या वयात पिशवी काढणं हाच सल्ला मिळेल. कॅन्सर असेल तर बहुतेक वेळा ‘एंडोमेट्रिऑइड’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे ग्रेड १, २ किंवा ३. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्या, स्टेज म्हणजे आजार कुठवर गेला. लोक या दोन्हींची सर्रास गल्लत करतात आणि ग्रेड ३ वाचून तिसरी स्टेज समजून रडतात. सीरस, क्लिअर सेल, कार्सिनोसार्कोमा ही नावं जास्त आक्रमक आजाराची. हल्ली यापुढेही जातात. २०१३ मध्ये या कॅन्सरच्या जनुकीय अभ्यासातून त्याचे चार गट पुढे आले, आणि २०२३ पासून फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्टेजिंगमध्येही त्यांना जागा मिळाली. रिपोर्टवर पी५३, पोल, एमएमआर अशी अक्षरं दिसतील ती त्यांची. पोल बदल असलेले आजार दिसायला वाईट पण निकालाला फार चांगले, पी५३ बिघडलेला असेल तर उपचार कडक लागतात. एमएमआरचं पुढे सांगते.

आता तुमचा खरा प्रश्न, मावशीसारखंच होणार का.

ओव्हरीचा कॅन्सर पोटाच्या मोकळ्या जागेत वाढतो. सहसा रक्त जात नाही, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं, एवढंच. बाई महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेते. सापडतो तेव्हा बहुतेक वेळा तो पोटभर झालेला असतो. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर मात्र रक्ताचा डाग दाखवून आधीच ओरडतो. दहातल्या नऊजणींना असं रक्त जातं आणि म्हणूनच बहुतेकींचा आजार पिशवीतच असताना सापडतो. तिथेच असताना उपचार झाले तर ५ वर्षांनंतर जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. मावशीचा आजार आणि तुमचा संशयित आजार यांच्यात एवढं अंतर आहे. मावशीच्या आजाराचंही चित्र आता तेच राहिलेलं नाही. पोटातला दिसेल तो प्रत्येक कण काढणारं ऑपरेशन आणि कार्बोप्लाटिन-पॅक्लिटॅक्सेल ही केमो हा पाया तोच, पण बीआरसीए जनुकात दोष असलेल्यांना ओलापारिबसारख्या गोळ्या मिळतात आणि त्यामुळे आजार परत येणं बऱ्याचजणींत वर्षानुवर्षं लांबतं.

तुम्हाला कॅन्सर निघालाच, तर आधी एमआरआय किंवा सीटी स्कॅन होईल, मग ऑपरेशन. दुर्बिणीतून की पोट उघडून, हा प्रश्न तुम्हाला पडेल. अस्तराच्या कॅन्सरला दुर्बीण तितकीच सुरक्षित आहे, आणि वजन जास्त असलेल्या, मधुमेह असलेल्या बाईला तर जखम भरायला तीच बरी. (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं उलट आहे. २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीत दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्यांत आजार जास्त परतला, मृत्यूही जास्त झाले. शेजारीण काय म्हणते यावर ऑपरेशनचा प्रकार ठरवू नये तो यासाठीच.) ग्रंथींसाठी आता पिशवीच्या तोंडात हिरवा रंग टोचतात. तो ज्या ग्रंथीत आधी पोचतो ती खास कॅमेऱ्यात चमकते आणि तेवढीच काढून तपासतात. पूर्वी सगळ्या ग्रंथी खरवडून काढत आणि पुढे पाय सुजायचे, ते पुष्कळ टळतं. त्यानंतर कुणाला काहीच लागत नाही, कुणाला योनीच्या वरच्या टोकाला ब्रॅकीथेरपी, कुणाला बाहेरून रेडिएशन आणि केमो. रेडिएशननंतर योनीमार्ग आखडतो आणि त्यासाठी डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारं नळीसारखं साधन) वापरायचा असतो. हे बायकांना फार कमी वेळा सांगितलं जातं, आणि त्या विचारतही नाहीत. तुम्ही विचारा.

सीए-१२५ पत्रातल्या प्रश्नासाठी करू नका. ३५ ही त्याची नेहमीची मर्यादा, पण फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, पोटातला टीबी यांतही आकडा चढतो, आणि सुरुवातीच्या ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये साधारण निम्म्या वेळा तो चढतच नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की निरोगी बायकांची सीए-१२५ आणि सोनोग्राफी करत राहिल्याने ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. कॅन्सरचं निदान झाल्यावर तुमच्या डॉक्टरांनी तो मागितला तर गोष्ट वेगळी.

आता मामा. आतड्याचा कॅन्सर पन्नाशीच्या आत, त्यांच्या बहिणीला ओव्हरीचा, आणि तुम्हाला पिशवीच्या अस्तराचा संशय. तिन्ही एकाच घरातले, आईच्या बाजूचे. या तिघांना जोडणारं एक नाव आहे, लिंच सिंड्रोम. पेशी दुप्पट होताना डीएनएमध्ये होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी काही जनुकं असतात, त्यातलं एक जन्मतःच सदोष असलं की आतडं, पिशवीचं अस्तर आणि अंडाशय या तिन्हींचा धोका वाढतो. अस्तराच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका त्यातल्या काही जनुकांत शंभरात चाळीसच्या आसपास जातो. तुमच्याकडे ते असेलच असं मी म्हणत नाही. पण तुमच्या डॉक्टरांना फॉर्मवर मामांचं वय आणि आजार लिहायला सांगा, कारण त्यांनी विचारलं नसेल आणि तुम्ही सांगितलं नसेल.

यासाठी वेगळं काही काढावं लागत नाही. कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर एमएमआर नावाची रंगचाचणी होते. ही दुरुस्ती करणारी चार प्रथिनं बघतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. एखादं हरवलेलं असलं म्हणजे लगेच आनुवंशिक असं नाही. अशा बहुतेक गाठींत दोष नंतर, फक्त त्या गाठीत झालेला असतो. तो फरक पुढच्या तपासण्यांनी कळतो आणि रक्ताची जनुकीय तपासणी शेवटचा निकाल देते. याचा उपयोग तुम्हालाही आहे. आजार पुढे गेलेला असेल किंवा परतला असेल आणि एमएमआर हरवलेलं असेल, तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं, फार चांगली लागू पडते. २०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत डोस्टार्लिमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही अशी औषधं केमोबरोबर दिल्यावर हे स्पष्ट दिसलं. हा रिपोर्ट मागून घ्या, आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक व स्लाइड (जपून ठेवलेला तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या) कुठे आहेत तेही विचारून ठेवा. दुसरं मत घ्यायचं तर कागद पुरत नाही, स्लाइड लागतात.

मुलीचं उत्तर यावरच अवलंबून आहे. तुमच्यात लिंचचा दोष सापडला तर तो तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. तिचीही रक्ततपासणी, आणि दोष असेल तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी), आणि मुलंबाळं झाल्यावर पिशवी-अंडाशयांचं काय करायचं याचा विचार. तुम्हाला कॅन्सर निघाला नाही तरी मामा-मावशींच्या इतिहासावर जनुकीय समुपदेशकाला एकदा भेटाच, बीआरसीएचाही प्रश्न तिथे निघेल. मावशीची किंवा मामांची मुलं असतील तर त्यांनाही सांगा. एरवी तिने तिशीनंतर एचपीव्ही तपासणी करावी आणि ती चांगली आली तर पाच वर्षांनी पुन्हा. एचपीव्हीची लस घेतली नसेल तर डॉक्टरांशी बोलावं. ती लैंगिक संबंध सुरू होण्याआधी सगळ्यात उपयोगी, नंतर फायदा कमी होतो, अगदी संपतो असं नाही. शरीरसंबंधानंतर रक्त जात असेल तर मात्र पाच वर्षांची वाट बघायची नाही.

पिपेल होणार असेल तर उपाशी जायची गरज नाही, मधुमेहाची गोळी आणि जेवण रोजच्यासारखं ठेवा. सॅनिटरी पॅड बरोबर न्या, एक-दोन दिवस डाग पडतात. भूल देऊन हिस्टेरोस्कोपी ठरली तर किती वाजल्यापासून उपाशी राहायचं आणि त्या सकाळी साखरेची कुठली गोळी वगळायची, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. आणि मध्येच तासाला एक पॅड भिजेल इतकं रक्त जाऊ लागलं, तर अपॉइंटमेंटची तारीख बघत बसू नका, सरळ तातडीच्या विभागात जा.